दोन डाव्या बाह्या

सोमवार, ६ फेब्रुवारी

दादाचा फोन. आधी हवापाणी, मग आई, मग मुद्दा. त्याचा हा क्रम कधी चुकत नाही. आई पडल्यापासून तिला उठवायला-बसवायला, कूस बदलायला धडधाकट माणूस लागतं. वहिनीची नोकरी, दादाची फिरती.

"धाकटी तुझ्याकडे वर्षभर नुसती पडून आहे. इथे येऊन पडू दे की. आईला हात तरी देईल."

"अरे, ती आजारी आहे."

"कसला आजार? कोविड होऊन काळ लोटला. तुलाही झालाच होता ना? तू जातेस ना कामावर? एवढे डॉक्टर केलेत, एकाने तरी कागदावर लिहून दिलंय का?"

नाही दिलेलं. रक्त, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, सगळं छान. इतकं छान की मलाच लाज वाटते फाइल उघडताना.

शेवटी ठरलं ते असं. मोठ्या इस्पितळात या लांबलेल्या कोविडवर संशोधन चालू आहे, धाकटीने त्यात नाव घातलंय. तिच्या रक्तात काही निघालं तर दादा गप्प बसेल. नाही निघालं तर मार्च संपताना तो गाडी घेऊन येईल आणि तिला घेऊन जाईल. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर विचार करत बसले, की हे बरं मी कोणाच्या बाजूने म्हटलं.

ही वही आज काढली, कारण घर दोन खोल्यांचं आहे आणि मधली भिंत नावापुरती. मोठ्याने बोलायची सोय नाही. इथे लिहिते: मला माझ्या बहिणीचा संशय येतो.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

स्वयंपाकघरात शेगडीपाशी एक स्टूल आलंय. उंच, गोल बैठकीचं. कोणी आणलं म्हणून विचारलं तर धाकटी पडल्या पडल्या म्हणते, "शेजारणीकडे जास्तीचं होतं. उभं राहून चिरायचा कंटाळा येतो."

चिरायचं मी. कंटाळा हिला.

दुपारी मी कामावर असते तेव्हा ही काय करते ते मला कळत नाही. काल घरी आले तर भांडी घासलेली. म्हणजे मनात आलं की होतं. आणि मी समोर असले की अंघोळ करून आली तरी कॉटवर अशी कोसळते की बघवत नाही. मला माणसांतलं कळत नाही, कापडातलं कळतं. कापड मी समोर आहे की नाही बघून वागत नाही.

चहाचा डबाही बदललाय बहुतेक. दोन-तीन महिने झाले, चहाला जळकट वास मारतो. विचारलं तर म्हणते, "तोच आहे गं, नेहमीचा." मग माझ्याकडे बघत राहिली. असं बघते की वाटतं माझ्या अंगावर काही चिकटलंय.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

कारखान्यात आज जे झालं ते कोणाला सांगायची सोय नाही.

आमच्याकडे डॉक्टरांचे पांढरे कोट शिवतात. कापायचं काम माझं. मोठ्या टेबलावर कापडाचे थर पसरायचे, सगळ्यांची सुलट बाजू वर. त्यावर बाहीचा फर्मा ठेवायचा, खडूने आखायचं, मशीनने कापायचं. त्या झाल्या डाव्या बाह्या. मग फर्मा पालथा घालून पुन्हा कापायचं, त्या उजव्या. फर्मा पालथा घालायला विसरलं की झालं. सगळ्या डाव्या. नवीन शिकणारी बाई पहिल्या आठवड्यात हे करते आणि वर्षभर चेष्टा ऐकते.

आज थप्पी उचलली तर सगळ्या डाव्या.

मी फर्मा पालथा घातला होता. मला तो हाताला लागल्याचं आठवतंय. पुठ्ठ्याची कड, भोकातली दोरी. कोणीतरी मी पाणी प्यायला गेले तेव्हा तो परत सुलटा करून ठेवलाय. टेबलापाशी काजबाईशिवाय कोणी येत नाही. ती काज-बटणं करते, तिचं मशीन माझ्या पाठीमागे आहे. मास्तरांची मर्जी माझ्यावर, म्हणून तिच्या पोटात दुखत असणार.

मास्तरांनी बघायच्या आत मी थप्पी टेबलाखाली सरकवली. संध्याकाळी बघते तर थप्पी नव्हती.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

इस्पितळ. धाकटी आठवडाभर मागे लागली होती. संशोधनात आजारी माणसांइतकीच निरोगी माणसंही लागतात म्हणे. ज्यांना कोविड होऊन गेला आणि पूर्ण बरे झाले अशी. तुलना करायला. "ताई, तू चल ना. तुझ्याइतकं निरोगी कोण आहे? दोन दिवस कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी कात्री हातात." ते खरं आहे. मागच्या वर्षी पुन्हा झालं ते काही कोविड नव्हतं, सर्दी होती.

गेले. बहिणीसाठी एवढं तर करू.

संशोधन करणारी डॉक्टरबाई बरी वाटली. कोटाच्या खांद्याची शिवण मात्र पुढे सरकलेली, आमच्याकडचा नक्की नव्हे. तिने समजावून सांगितलं. काहींच्या अंगात विषाणूचे तुकडे उरून राहतात असं वाटतं. काहींची प्रतिकारशक्ती लढाई संपली तरी पहाऱ्यावरून हटत नाही, आणि पहारा देऊन देऊन तिच्या पेशी थकतात. कधी लहानपणापासून अंगात झोपलेला एखादा जुना विषाणू या गडबडीत जागा होतो. कधी रक्तात बारीक गुठळ्या. कधी नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाच बिघडतात. "एकच कारण असेल असं नाही. आणि एकच खूण तर अजून नाहीच सापडलेली. तीच शोधतोय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. डॉक्टर इतक्या पटकन हे म्हणतात हे मला विचित्र वाटलं.

मग आडवं झोपवून नाडी मोजली, उभं करून मोजली. दहा मिनिटं भिंतीपाशी नुसतं उभं. धाकटीचं आधी झालं, ती मधेच बसली. माझ्या वेळी डॉक्टरबाई यंत्राकडे बघत होती आणि धाकटी माझ्या पावलांकडे. पावलं जांभळट दिसत होती, फरशी गार होती. नाडी वाढलेली निघाली. मी सांगितलं, जिने चढून आलेय आणि आज जरा चिडलेलीही आहे.

रक्त घेणाऱ्या माणसाला धाकटी डास म्हणते. हसरा आहे, बोलतो फार. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते: आम्ही दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर होतो आणि डासाने दोघींच्या नळ्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या. चिकटपट्ट्या नंतर लावल्या. मी डोळ्यांनी बघितलं.

रविवार, २६ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिलं नाही. हवा बदललीय, अंग मोडून आलं होतं. सगळ्यांनाच होतंय तसं, मास्तरसुद्धा शिंकत होते.

धाकटीने तिचं नाडी मोजणारं घड्याळ मला दिलं. "घाल गं, मला टोचतं." कारण नसताना भेट मिळाली की मी आधी भेट उलटून बघते. घड्याळात काही नव्हतं. घातलंय. जिन्यात थरथरतं, बिघडलेलं असणार.

जिन्याच्या मधल्या वळणावर कोणीतरी कुंड्या ठेवल्यात. येता-जाता तिथे पायरीवर बसून बघते थोडा वेळ. पूर्वी कधी लक्षच गेलं नव्हतं.

गुरुवार, २ मार्च

कारखान्यात उजेड फार वाढवलाय. पांढरं कापड आणि वरून तो उजेड, डोळ्यांना सहन होत नाही. दुपारी क्षणभर डोकं टेबलाला टेकलं, तर काजबाईने मागून येऊन माझ्या मशीनचं बटण बंद केलं.

"काय करतेस?" मी म्हटलं.

"पातं फिरत होतं."

"मला दिसत होतं."

"बरं," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. हातात पाण्याचा पेला. आगाऊपणा नुसता. मी पाणी प्यायले, कारण तहान लागली होती, तिच्यासाठी नव्हे.

शनिवार, ४ मार्च

विसरायच्या आत लिहून ठेवते.

आज दुपारी खिडकीतून खाली बघितलं तर समोरच्या फुटपाथवर धाकटी. जी संडासापर्यंत जाताना भिंत धरते ती, ओढणी घट्ट गुंडाळून, चांगली चालत आमच्या कारखान्याच्या मागच्या दाराकडे. आणि दारात कोण? काजबाई. दोघी बोलत होत्या. काजबाईने तिला पायरीवर बसवलं, मग एक पिशवी दिली. धाकटीने ती छातीशी धरली.

मी खाली गेले नाही. जिने उतरून परत चढायचे म्हणजे काम राहिलं असतं.

तर असं आहे. माझे फर्मे सुलटे कोण करतं आणि का, त्याचा धागा आता हाताला लागतोय. मला कामावरून काढलं तर मला दादाकडे आईजवळ जावं लागेल, आणि ही इथे आरामात. एवढी दूरची चाल माझी बहीण करेल? लहानपणी ती माझ्या वेणीला धरून झोपायची.

रविवार, ५ मार्च

धाकटी सकाळपासून उठलेली नाही. पडदे लावलेले, बोललं तरी चेहरा आक्रसते. नाटक म्हणावं तर बघायला मी एकटीच आहे आणि माझी दाद तिला मिळत नाही हे तिला माहीत आहे.

काल कुठे गेली होतीस, असं विचारणार होते. "घरीच" म्हणाली असती तर मग काय करायचं होतं मला? म्हणून नाही विचारलं.

सोमवार, १३ मार्च

घरात एक नवी उशी. पायाखाली घ्यायला. "पाय वर ठेवले की बरं वाटतं. तुलाही एक केलीय." शिवण हातची, आत चिंध्या. कापड ओळखलं. आमचं पांढरं ड्रिल. म्हणजे पिशवीत हे होतं. काजबाई कारखान्यातून कापड काढते आणि माझी बहीण त्याच्या उशा करते.

शिवलीय तीही कशी. एका तुकड्याची सुलट बाजू वर आलीय, दुसऱ्याची उलट. पांढऱ्या ड्रिलच्या दोन बाजू नवख्याला सारख्याच दिसतात, धुतल्यावर फरक कळतो. पण मला न धुताही कळतो. त्या उलट बाजूवर पुसट खडूही आहे. शिवणाऱ्या घरातली मुलगी आणि हे असं.

घेतली मात्र पायाखाली. चिंध्या चांगल्या भरल्यात.

मंगळवार, १४ मार्च

डॉक्टरबाईचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत घेतला.

"नियमाने आम्ही एकेकाचे निकाल सांगत नाही. पण तुम्हाला निरोगी गटातून काढावं लागतंय, म्हणून सांगायलाच हवं."

मला कळेना. ती सावकाश बोलत होती. सकाळी अंगात जे एक संप्रेरक भरपूर असायला हवं ते माझ्यात फार कमी. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी थकल्याच्या खुणा. एक जुना झोपलेला विषाणू जागा झाल्यासारखा. उभं राहिल्यावर नाडी जास्त वाढते. "यातली एकही गोष्ट एकटी पुरावा नाही. पण सगळ्या एकत्र बघितल्या तर आजारी गटात जसं दिसतं तसं दिसतंय. तुम्हाला थकवा, विसरायला होणं, असं काही?"

"नाही," मी म्हणाले. "आणि माझ्या बहिणीचं?"

"त्यांनी सांगायला परवानगी दिलीय. त्यांच्या रक्तात आम्ही शोधतो त्यातलं विशेष काही दिसलं नाही. पण याचा अर्थ असा नव्हे की..."

मी फोन ठेवला. पुढचं ऐकायची गरजच नव्हती, मला ट्रे आठवला.

डासाने नळ्या बदलल्या. माझं रक्त तिच्या नावावर, तिचं माझ्या. किती सरळ आहे. मी कामावर जाते, माझं रक्त स्वच्छ. ती पडून असते, तिचं बिघडलेलं.

आणि मग, पायरीवर बसल्या बसल्या, दुसरी गोष्ट लक्षात आली. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. इतके महिने. मी तिला बघत होते ते सगळं खरं होतं.

घरी जाताना तिच्यासाठी संत्री घेतली. सोलून दिली. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, खा." मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण एकदम तसं केलं असतं तर ती घाबरली असती.

बुधवार, १५ मार्च

दादाला सांगितलं: सापडलं.  तो म्हणाला, "म्हणजे खरंच आहे काहीतरी." त्याचा आवाज मला थकलेला वाटला. आईला उचलून उचलून त्याचीही पाठ गेलीय.

धाकटीला नळ्यांचं सांगितलं. वाटलं होतं हसेल, डासाची नक्कल करेल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा देऊन बघू या का रक्त? तू समोर उभी राहून चिकटपट्ट्या लाव."

"लावतेच. सोडते की काय."

"बरं झालं," ती म्हणाली. बरं कशाला झालं ते विचारायचं राहिलं.

मंगळवार, २१ मार्च

पुन्हा इस्पितळ. आज मी डासाला हलू दिलं नाही. आधी माझं रक्त, माझी चिकटपट्टी मी लावली, नळ्या घेऊन तो गेला. मग धाकटी आत. "तुम्ही पोलिसात होता का हो?" त्याने विचारलं. "कटर आहे," मी म्हटलं. त्याने हात मागे घेतला. धाकटी खोकेपर्यंत हसली आणि मग बराच वेळ बाकावर पडून राहिली. मीही तिच्या शेजारी बसले. लिफ्ट बंद होती, ती चालू होईपर्यंत बसावंच लागलं.

सोमवार, २७ मार्च

तेच. अगदी तेच. तिचं स्वच्छ, माझं बिघडलेलं.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण उद्या मी ते नाकारेन. मला राग आला. डॉक्टरबाईचा नव्हे. धाकटीचा. तिचं रक्त स्वच्छ आहे म्हणजे दादा पहिल्यापासून बरोबर होता, मी संत्री सोलत बसले होते, आणि माझ्यावर कोणीतरी कसलं तरी बालंट आणलंय. माझ्या यंत्रावर, फर्म्यावर, रक्तावर, सगळीकडे कोणाचा तरी हात आहे आणि प्रत्येक ठिकाणी ही जवळपास असते.

दादाला फोन केला. "काही नाहीये तिच्या रक्तात. ये तू गाडी घेऊन."

"पण तू तर म्हणालीस..."

"चुकलं होतं. ये."

"शुक्रवारी येतो," तो म्हणाला. धाकटी आतल्या खोलीत होती. मी सांगितलंच ना, भिंत नावापुरती आहे. 

बुधवार, २९ मार्च

आज सुट्टी घेतली, तिचं सामान भरायला. धाकटी झोपली होती, किंवा डोळे मिटून होती. कपाट उंच आहे. वरच्या फळीवरची बॅग काढली, कपडे काढले, घड्या घातल्या, खाली वाकले, उठले. घड्याळ मनगटावर सारखं थरथरत होतं. मग खोलीच्या कडा काळ्या व्हायला लागल्या आणि मी जमिनीवर बसले. बसले म्हणजे बसावं लागलं. मग आडवी झाले.

पायाखाली काहीतरी सरकलं. धाकटीने कॉटवरून हात लांबवून उशी ढकलली होती. "पाय वर," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

बराच वेळ तशीच पडले. मग उशी काढून नीट बघितली, कारण समोर तीच होती. उलट बाजूवरचा तो खडू. फुली. कापल्यावर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला मी अशी फुली करते. खालचा पाय लांब, वरचा आखूड. दुसऱ्या कोणाची अशी येत नाही. वरचा आकार बाहीचा. काखेकडे पुढे एक खाच, मागे दोन.

एक बाजू सुलट, एक उलट. तेव्हा मी शिवणारीला हसले होते. पण हे दुसऱ्या कशानेही होत नाही. एक डावी आणि एक उजवी बाही जोडली तर दोन्ही सुलट बाजू बाहेर येतात. कडा जुळवायच्या आणि एक बाजू उलटी राहायची, हे फक्त दोन डाव्यांचं होतं.

या माझ्या बाह्या होत्या. टेबलाखालून नाहीशा झालेल्या.

"किती आहेत अशा?" मी विचारलं.

"पुष्कळ," धाकटी म्हणाली. "काजबाई म्हणते, तुझ्या चुकांवर आख्खं इस्पितळ झोपेल."

मग ती हळूहळू बोलली, मधे थांबत. काजबाई महिनोन् महिने चुकलेल्या थप्प्या लपवत होती आणि उरलेल्या कापडातून सुट्टीच्या वेळात उजव्या बाह्या कापून ठेवत होती. ज्या दिवशी मी फिरत्या पात्यापाशी डोकं टेकलं, त्या दिवशी तिने धाकटीला फोन केला. दोन दिवसांनी धाकटी तिला भेटायला आली. ते चालणं तिला आठवडाभर भोवलं.

"आणि स्टूल?"

"तुझ्यासाठी."

"चहा?"

"तोच आहे गं. वास तुझा गेलाय. माझाही असाच जळकट झाला होता आधी."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? मला कोणी मानत नव्हतं, तू तरी कुठे मानत होतीस. मी म्हटलं असतं तुला तेच झालंय, तर तू म्हणाली असतीस, तुझं लोढणं माझ्या गळ्यात बांधू नकोस. म्हणून म्हटलं, तुझ्या रक्तालाच बोलू दे."

"आणि तुझं रक्त?"

तिने डोळे उघडले. "माझं रक्त चांगल्या घरचं आहे, काही बोलतच नाही." मग हसू ओसरलं. "मला माहीत होतं असं होऊ शकतं, ताई. तुझं निघेल आणि माझं निघणार नाही. दादाने काय ठरवलंय तेही ऐकलं होतं. पण तुझ्या हाताखाली रोज पातं फिरतं ना."

बॅग अजून उघडी आहे. मी हे जमिनीवर बसून लिहितेय, कॉटला पाठ टेकून. ती खरंच झोपलीय आता. तिचा श्वास मोजत बसायची मला सवय होती, खरा की खोटा. आज नुसता ऐकला.

गुरुवार, ३० मार्च

डॉक्टरबाईला फोन केला. त्या दिवशी जे वाक्य अर्धं तोडलं होतं ते पूर्ण करून मागितलं. ती म्हणाली, "याचा अर्थ असा नव्हे की त्या आजारी नाहीत. याचा अर्थ इतकाच की आम्हाला अजून कुठे बघायचं ते माहीत नाही."

मला पांढऱ्या ड्रिलचे ते नवे तागे आठवले. काहींची उलट-सुलट मलाही कळत नाही. खिडकीशी नेलं, बोट फिरवलं तरी नाही. तरी बाजू असतेच. धुतल्यावर दिसते. खडूची फुली मी करते म्हणून ती बाजू उलट होत नाही.

शुक्रवार, ३१ मार्च

दादा आला. गाडी खाली लावून, घामाघूम. मी त्याला शेगडीपाशी खुर्ची ओढून बसवलं आणि मी जमिनीवर बसले. चहा धाकटीने केला, स्टुलावर बसून, अर्ध्या वेळात थकून. त्याने ते बघितलं की नाही मला माहीत नाही.

"बॅग कुठे आहे?" त्याने विचारलं.

"रिकामी केली."

"अगं, तू म्हणालीस ये. मी आईला शेजाऱ्यांवर सोडून आलोय."

"मी म्हणाले. ती येणार नाही."

"तिच्या रक्तात काही सापडलं का?"

"नाही सापडलं."

"मग?"

"मग काही नाही. नाही सापडलं आणि ती येणार नाही. आईला तिने दोनदा उचललं तर तिसऱ्यांदा तुला दोघींना उचलावं लागेल."

त्याने कप खाली ठेवला. रागावला असता तर सोपं गेलं असतं. तो नुसता म्हणाला, "मग तू ये. तू तर धडधाकट आहेस. थोडे दिवस तरी. माझ्याने होत नाही गं आता."

 धाकटी आतून बघत होती. ती बोलली असती माझ्यासाठी, मला दिसत होतं, पण ती थांबली.

"मला तेच झालंय," मी म्हणाले.

हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. दादा माझ्याकडे बघत राहिला. आधी डोळ्यांकडे, मग हातांकडे, मग मी जमिनीवर का बसलेय याकडे. आणि मी तो चेहरा ओळखला. समोरचं माणूस खरं बोलतंय की खोटं, हे बघणारा चेहरा. वर्षभर तो माझाच होता.

"तू?" तो म्हणाला. "कधीपासून? कागद आहे का काही?"

माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात, निरोगी गटातून काढल्याचा, डॉक्टरबाईच्या सहीचा. धाकटीकडे कधी नव्हता, तो माझ्याकडे आहे. उठून दाखवला असता तर तो तत्क्षणी मानला असता.

"नाही," मी म्हणाले. "कागद नाही. मी सांगतेय ना."

दादाने कप पुन्हा उचलला. मग थंड झालेला चहा प्यायला आणि म्हणाला, "आईसाठी बाई बघतो कोणी. बघायला हवीच होती." दारात वळून त्याने धाकटीला विचारलं, "तुला काही हवंय का गं?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"एक स्टूल," ती म्हणाली. "आता दोन लागतील."

रविवार, ९ एप्रिल

मास्तरांनी अर्ध्या दिवसाचं आणि बसून करायचं काम दिलंय. आखायचं फक्त मी, कापायला दुसरी आली. काजबाईला मी काही बोलले नाही. तिच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले, तर ती म्हणाली, "उभी राहू नकोस, चक्कर येईल." बसले.

दुपारी आम्ही दोघी आडव्या. चहा हवा होता. धाकटी म्हणाली, "तू उठ." मी म्हटलं, "तू उठ." कोणीच उठलं नाही. पाय वर ठेवून पडून राहिलो. माझ्या उशीची उलट बाजू वर होती आणि तिच्या उशीची सुलट.